मामांचा हिशेब

गुरुवारची सुट्टी संपली की शुक्रवारी आमच्या भोसरीच्या शेडमध्ये पहिला तास मशिनं गरम होण्यात आणि माणसं जागी होण्यात जातो. २१ नोव्हेंबर २०२५ चा शुक्रवारही तसाच उजाडला होता. संध्याकाळी शेजारच्या शेडवाल्यांचा फोन आला. "वहिनी, लेबर कोड लागू झाला. आजपासून."

मी म्हटलं, "भाऊ, हे तुम्ही कोविडपासून सांगताय."

त्यात खोटं काही नव्हतं. लेबर कोड म्हणजे केंद्राच्या चार कामगार संहिता. वेतन संहिता २०१९ साली संसदेत मंजूर झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा-आरोग्य या बाकीच्या तिन्ही संहिता २०२० साली. तेव्हापासून दर मार्च आला की कुणीतरी "एक एप्रिलपासून लागू" म्हणायचं, आमचा कन्सल्टंट एक मेल पाठवायचा, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. लांडगा आला रे आला. पण या खेपेला तो खरंच आला होता. २९ जुने केंद्रीय कायदे गेले आणि चार संहिता एकाच दिवशी, अगोदर तारीख न सांगता, अमलात आल्या.

आमचा पसारा फार मोठा नाही. सात सीएनसी आणि दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशिनं), एक म्हातारं लेथ मशिन (जे विकायला नवरा तयार नाही), ३४ कामगार, ऑफिसात आम्ही तिघं, आणि ठेकेदाराचे सहा हेल्पर. गाड्यांच्या सुट्या भागांचं मशिनिंग करतो. मशिनं नवरा बघतो. माणसं आणि कागद माझ्याकडे. २००९ पासून हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं मीच करते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातल्या चुकाही माझ्याच आहेत.

शनिवारी सकाळी माझ्या केबिनच्या दाराशी सहा जण उभे. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच फॉरवर्ड: बेसिक एकूण पगाराच्या निम्मं करावं लागणार, पीएफ वाढणार, हातात येणारा पगार कमी होणार. बिहारकडचा एक ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हमारा पैसा काहे काटेंगे?" मला नीट उत्तर देता येईना. "बघून सांगते" एवढंच म्हणाले, आणि बघायला बसले.

मूळ मुद्दा एका व्याख्येचा आहे. जुन्या काळी पीएफसाठी पगार वेगळा, ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) वेगळा, बोनससाठी वेगळा. प्रत्येक कायद्याची आपापली फूटपट्टी. आता सगळीकडे एकच. वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि बाकीचं देणं, पण त्यातून काही गोष्टी वगळायच्या. या वगळायच्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीचा भाग परत वेतनात धरायचा. झालं. बाहेर यावर दोन-दोन तासांची भाषणं चालली होती, पण गाभा एवढाच.

पहिल्या रात्री एक्सेल उघडली तेव्हा जीव भांड्यात पडला. आमच्या ऑपरेटरांचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) अगोदरच निम्म्याच्या वर होता. यात आमचा काही मोठेपणा नाही. किमान वेतनाच्या खाली बेसिक-डीए दाखवायला मी कायम घाबरत आले, म्हणून ते तसं राहिलं. शिवाय पीएफची कायदेशीर मर्यादा १५ हजारांचीच आहे. तेवढ्यावर बारा टक्के म्हणजे १८०० रुपये. त्याच्या वर कापायची सक्ती नाही. डिसेंबरात केंद्राच्या श्रम मंत्रालयानेही हेच स्पष्ट केलं, की पीएफ या मर्यादेवर कापला जात असेल तर हातातला पगार कमी व्हायचं कारण नाही. सहा जणांपैकी पाच जणांना मी सोमवारी एक्सेल दाखवली. एकाला पटलं नाही. तो अजून दर महिन्याला स्लिप दोनदा वाचतो. वाचू दे.

खरी गोची वरच्या पगारांत होती. म्हणजे ऑफिस, स्टोअर, आणि मामा.

मामा आमचे सुपरवायझर. मूळचे औशाकडचे. सगळी शेड त्यांना मामा म्हणते, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा. १६ जुलै २००७ ला लागले, तेव्हा आमच्याकडे चार मशिनं होती आणि पगार पाकिटातून जायचा. आवाजावरून टूल कधी बसलंय हे सांगणारा माणूस. त्यांचं पगारपत्रक असं होतं: बेसिक आणि डीए १४,०००, घरभाडे भत्ता ५,६००, येण्याजाण्याचा भत्ता ३,०००, स्पेशल अलाउन्स १३,७२०, आणि आमच्या बाजूचा पीएफ १,६८०. एकूण ३८,०००.

त्या १३,७२० कडे बघा. हा स्पेशल अलाउन्स माझं अपत्य. दरवर्षी वाढ द्यायची वेळ आली की तेव्हाचे कन्सल्टंट सांगायचे, "मॅडम, बेसिकला हात लावू नका, स्पेशलमध्ये टाका." का, ते मी विचारायचे नाही, कारण मला कळत होतं. बेसिक वाढला की पीएफ वाढतो, ग्रॅच्युइटी वाढते, रजेचा पगार वाढतो. स्पेशलमध्ये टाकलं की माणसाच्या हातात तेवढेच पैसे जातात आणि आपल्या डोक्यावर मागचं काही राहत नाही. आजूबाजूच्या सगळ्या शेडमध्ये हेच चालायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं होतं, की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरायचे. तेव्हा आम्ही आठवडाभर हादरलो, मग "१५ हजारांच्या वर आपल्याला काय" असं म्हणून झोपलो. मामांचा बेसिक १४ हजारांवर अडवून ठेवलेला होता, हे सोयीने विसरून.

एक गंमत सांगते. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेत ‘विशेष भत्ता’ असतो, तो म्हणजे महागाई भत्ताच; दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. आमच्या स्लिपमधला ‘स्पेशल अलाउन्स’ म्हणजे नुसती भर घातलेली माती. नाव एक आणि कुळ वेगळं. तपासणीला आलेल्या एका साहेबांना मी एकदा हे दोन्ही एकच असल्याचं भासवलं होतं. त्यांनी चहा घेतला आणि पुढे गेले.

तर कन्सल्टंटने पाठवलेल्या पहिल्या कोष्टकात मामांचं वेतन १९,००० आलं होतं. एकूण ३८ हजार, निम्मे १९, झालं काम. मीही खूश होते. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका औद्योगिक संघटनेच्या हॉलमध्ये चर्चासत्र झालं, तिथे गेले. तीनशे खुर्च्या आणि पाचशे माणसं. वकील पडद्यावर स्लाइड दाखवत होते, मागून लोक "छोट्या युनिटला सूट आहे का" एवढंच विचारत होते. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कामगारकपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी नको, ही मर्यादा पूर्वी शंभर होती, यावर अर्धा तास गेला. आमच्या ३४ माणसांना त्याचं काय! मी हातातल्या छापील संहितेत वगळायच्या गोष्टींची यादी वाचत बसले. बोनस, राहण्याच्या जागेची किंमत, मालकाचा पीएफ हिस्सा, प्रवास भत्ता, कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची भरपाई, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन... पुन्हा वरून वाचली. स्पेशल अलाउन्स यादीत नव्हताच.

म्हणजे तो वगळला जातच नाही. निम्म्याचा हिशेब करायची पाळीच येत नाही. तो मुळातच वेतन. मामांचं घरभाडं, प्रवास आणि पीएफ मिळून होतात १०,२८०, निम्म्याच्या बरेच खाली. बाकीचं सगळं वेतन: १४,००० अधिक १३,७२०, म्हणजे २७,७२०.

कन्सल्टंटला फोन लावला. ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार खोलात जाताय. नियम अजून मसुद्यात आहेत." नियम मसुद्यात होते हे खरं, आणि तोवर जुने नियम नव्या कायद्याच्या आड येत नसतील तिथे चालू राहणार हेही खरं. पण व्याख्या कायद्यातच आहे, नियमांत नाही. सीएंना विचारलं, त्यांनी निमूट २७,७२० धरले आणि वर म्हणाले, "मोठ्या आयटी कंपन्यासुद्धा या तिमाहीत ग्रॅच्युइटीचा वाढीव बोजा वेगळा दाखवणार आहेत. तुम्ही एकट्या नाही." मला त्याने काय दिलासा मिळणार? त्यांच्याकडे तिजोरी आहे, आमच्याकडे कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं उसनं.

पीएफमध्ये फरक पडला महिन्याला १२० रुपयांचा. आग लागली होती ग्रॅच्युइटीत. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. शेवटचं वेतन सगळ्या वर्षांना लागतं. कायदा कालचा असला तरी गुणाकार २००७ पासूनचा. १४ हजारांवर वर्षाला ८,०७७ रुपये पडत होते, २७,७२० वर १५,९९२. जवळजवळ दुप्पट. आणि आम्ही त्यासाठी वेगळा पैसा कधी ठेवलाच नव्हता. "मामा कुठे जाणारेत" हा आमचा ग्रॅच्युइटी फंड.

मामा गेले. म्हणजे तसं म्हणाले. नाताळानंतरच्या सोमवारी केबिनमध्ये आले, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "वहिनी, थोरल्यानं गावाकडं दूध डेअरीचं काम घेतलंय. आईचं काही खरं नाही. दहा तारखेपर्यंत करतो, संक्रांतीला घरी पोचतो." डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. अठरा वर्षांनी माणूस जातोय आणि मी मनात गुणाकार करत होते, हे मला स्वतःलाच आवडलं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ वरणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दहा तारीख म्हणजे अठरा वर्षं ना?"

मी म्हटलं, "अठरा वर्षं आणि पाच महिने, पंचवीस दिवस."

तो समजला. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. दहाऐवजी सोळा जानेवारी उलटली की अठराची एकोणीस वर्षं होतात. सहा दिवसांचा प्रश्न, १६ हजारांचा. "त्यांना माहीत नसणार," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचे ११ लाख अडकले होते. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, न दिले तर आयकरात त्यांना तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, सगळं आहे. आमचे ९४ दिवस झाले होते. वसुलीसाठी फोन केला की तिथला पोरगा म्हणायचा, "मॅम, सिस्टिममध्ये आहे." आम्हाला मात्र कामगार सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं, हा नवा नियम. पूर्वी राजीनामा दिलेल्याचा हिशेब पुढच्या पगाराबरोबर, नाहीतर "ये रे पंधरा दिवसांनी". आता मोजून दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मामांना सांगून टाकलं. "मामा, संक्रांतीला जा, पण रजा टाकून जा. तुमच्या खात्यावर रजा पडलीय. वीस तारखेला येऊन चार्ज द्या. एक वर्ष वाढतंय." ते म्हणाले, "वहिनी, पाचसहा दिवसांनी काय होतंय?" मी आकडा सांगितला. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आणि सगळे मिळून किती?"

मी कागदावर लिहून दिलं. २७,७२० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १९. तीन लाख तीन हजार आठशे चौपन्न. त्यांनी खिशातून आपला जुना हिशेब काढला. कुणीतरी सायबर कॅफेत करून दिलेला, १४ हजारांवर, अठरा वर्षांचा, १,४५,३८५. माझ्या कागदाकडे एकदा, त्यांच्या कागदाकडे एकदा. मग म्हणाले, "स्पेशल धरला तुम्ही." धरला, म्हटलं. ते म्हणाले, "मग इतकी वर्षं का नव्हता धरत?"

त्याचं उत्तर मी अजून जुळवतेय.

मधल्या काळात बाकीची कामं चालूच होती. नियुक्तिपत्र आता प्रत्येकाला द्यायलाच लागतं. आमच्याकडे ऑफिसच्या लोकांना होतं, शॉप फ्लोअरवर निम्म्यांना नव्हतं. "उद्या ये कामाला" हेच त्यांचं पत्र. मी मराठी आणि हिंदीत एकेक मसुदा केला. वाटलं, लोक खूश होतील. झालं उलटंच. कोऱ्या कागदावर सही घेऊन माणसं काढल्याच्या कथा या पट्ट्यात प्रत्येकाने ऐकलेल्या आहेत. पहिल्या दिवशी ३४ पैकी अकरा जणांनी सही केली. बाकीच्यांनी पत्र घरी नेलं, फोटो काढून गावी भावाला पाठवला, चुलत्याला वाचून दाखवलं. २६ नोव्हेंबरला केंद्रीय कामगार संघटनांनी देशभर निषेध केला होता, त्याचं पत्रक कुणाच्या तरी हातात होतं, त्यात ‘हायर अँड फायर’ असं ठळक लिहिलेलं. एक जण ते घेऊन आला आणि म्हणाला, "ये वही वाला कागज है क्या?" मी म्हटलं, हे त्याच्या उलट आहे, यात तू केव्हा लागलास ते लिहिलंय, उद्या मी नाही म्हणाले तरी तुझ्याकडे पुरावा आहे. तो म्हणाला, "तो आप अपने खिलाफ कागज क्यों दे रही हैं?" याला काय सांगणार!

नावांचा गोंधळ वेगळाच. आधारवर कुमार, पीएफला प्रसाद, बँकेत नुसतंच पहिलं नाव. नवीन यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. कूलंटच्या तेलाने माखलेल्या चेहऱ्याला ते ॲप ओळखेना. एक पोरगा तीनदा तोंड धुऊन आला. चौथ्यांदा जमलं तेव्हा सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या.

मागच्या काही वर्षांतले चार जण पीएफमधून सुटलेले निघाले. माझ्याकडूनच, "पोरगा टिकतोय का बघू" म्हणत. नोव्हेंबर २०२५ ते एप्रिल २०२६ अशी सरकारची एक नोंदणी योजना चालू होती. जुलै २०१७ ते ऑक्टोबर २०२५ मध्ये लागलेले आणि राहून गेलेले कामगार आता जाहीर केले, तर त्यांचा न कापलेला हिस्सा माफ, आपला भरायचा, आणि दंड नावापुरता शंभर रुपये. असली संधी परत येत नाही. चौघांचं भरून टाकलं.

सीएनसीवरचे दोन पोरं वर्षाच्या करारावर होते. खरं म्हणजे अकरा महिन्यांच्या, भाड्याच्या खोलीसारख्या. अकरा महिने, मग आठ दिवसांचा खाडा, मग पुन्हा अकरा. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता वर्ष झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. पाच वर्षांची अट कायम कामगाराला, त्यांना नाही. कन्सल्टंट म्हणाले, "अकराचंच चालू ठेवा." मी दोघांना कायम करून टाकलं. उदारपणा म्हणून नाही. एका ऑपरेटरला नवीन जॉबवर तयार करायला चार महिने जातात आणि त्या चार महिन्यांचं रिजेक्शन वर्षाच्या ग्रॅच्युइटीपेक्षा महाग पडतं. हा हिशेब मी आधीच करायला हवा होता.

चाळिशीच्या वरच्यांची फुकट वार्षिक तपासणी केली. आमच्याकडे नऊ जण निघाले. दोघांना साखर, एकाचा कान गेलेला, आणि तो कान गेलेला माझा नवरा. तो यादीत नव्हता, उगाच रांगेत उभा राहिला होता.

वीस किंवा त्याहून जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती लागते, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य. आमच्याकडे दोन आणि दोन, त्यात पॅकिंगमधली एक बाई. मला धास्ती होती की पगारवाढ निघणार. पहिली तक्रार निघाली ती अशी, की महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी तीन वर्षं तुटलेली आहे. तीन वर्षं! कडीला ८० रुपये लागले. मी रोज त्याच दरवाजावरून जाते, पण माझं ऑफिसचं वेगळं आहे.

मामा वीस जानेवारीला, मंगळवारी, बरोबर साडेआठला हजर झाले. संक्रांतीचा तिळगूळ आणला होता. १५ तारखेला महापालिकेच्या मतदानाची सुट्टी होती, तेवढ्यासाठी रात्रीच्या बसने येऊन भोसरीत मत देऊन परत गेले होते म्हणे. दिवसभर त्यांनी नव्या सुपरवायझरला एकेक मशिन दाखवलं. लेथपाशी बराच वेळ उभे होते. संध्याकाळी पाचला त्यांनी कपाटाची किल्ली आणि मायक्रोमीटर माझ्या टेबलावर ठेवला. मायक्रोमीटर त्यांचा स्वतःचा होता, २००७ साली घरून आणलेला. मी परत दिला.

मग माझे दोन दिवस सुरू झाले. बुधवार एक, गुरुवार सुट्टी, शुक्रवार दोन. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. आमच्या भागात विजेच्या वाटणीपायी तो गुरुवार झाला, आणि त्या गुरुवारने मला चोवीस तास वाढवून दिले. वीस दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, डिसेंबरचा राहिलेला ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, दुपटीने. तो दुप्पट हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या पट्ट्यात ‘सिंगल ओटी’ नावाचा एक प्रकार आहे, त्याविषयी पुन्हा कधी. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पैसे त्यांच्या खात्यात गेले. बँकेचा मेसेज आला तसा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. वेतन कमी दिलं तर पहिल्या खेपेला ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. भीती म्हणा, सवय म्हणा.

ग्रॅच्युइटी त्या दोन दिवसांत बसत नाही, तिला तीस दिवस मिळतात. हे कन्सल्टंटलाही खात्रीने सांगता येत नव्हतं. ती दोन दिवसांची मुदत वेतनाची, आणि ग्रॅच्युइटीचं कलम दुसऱ्या संहितेत. मुदत भरत होती १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला. बँकेला सुट्टी, म्हणून मी १८ धरली. गिऱ्हाइकाचे ११ लाख तोवरही ‘सिस्टिम’मध्येच होते. शेवटी मुलीच्या नावाची एक एफडी मोडली. नवरा तेव्हा काहीच बोलला नाही. फक्त धनादेशावर सही करताना त्याने आकडा अक्षरांत दोनदा तपासला.

ही गोष्ट शेडभर व्हायला एक दिवस पुरला. मामांनी सांगितलं नसणार, पण बँकेतल्या रांगेत कुणीतरी भेटलंच असेल. आता शनिवारी पगारवाटप झालं की कुणी ना कुणी केबिनच्या दाराशी असतं. दहा वर्षांच्या वरचे सात जण आहेत. सगळ्यांच्या स्लिपमधला स्पेशल अलाउन्स मी एप्रिलपासून काढून टाकतेय. तीनच रकाने ठेवणार: बेसिक-डीए, घरभाडं, प्रवास. त्यामुळे कुणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही, फक्त झाकलेलं उघडं पडतं.

परवा तोच बिहारकडचा ऑपरेटर आला, पगार कापणार का म्हणून पहिल्या दिवशी विचारणारा. बारा वर्षं झाली त्याला. हातात मी दिलेलं नियुक्तिपत्र, घडी घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं. म्हणाला, "मॅडम, मामा को जैसा लिख के दिया था, वैसा मेरा भी लिख दीजिए। आज का।" मी कॅल्क्युलेटर ओढला.